घरात अर्थ नाही

आमच्या हिचे कान हा एके काळी घरात चेष्टेचा विषय होता. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लाइनवरची खरखर नुसती ऐकून पाणी शिरलंय की सांधा सुटलाय हे ती सांगायची. घरी आली की मी आतल्या खोलीत बिस्किटांचा डबा उघडला तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, जेवायच्या तोंडावर?" मी टेलर. माझा जन्म शिलाई मशीनच्या खडखडाटात गेला, त्यामुळे माझ्या कानांबद्दल न बोललेलंच बरं. घरातलं ऐकायचं खातं तिच्याकडे आणि बघायचं खातं माझ्याकडे अशी आमची वाटणी होती, आणि ती बरी चालली होती.

मग तिला कानाचं दुखणं झालं. ताप उतरला, पण डावा कान जवळजवळ गेला आणि उजवा फार हळवा झाला. त्याच सुमारास आम्ही जुनं घर सोडून इथे राहायला आलो, कारण तिथला जिना आमच्या गुडघ्यांना झेपेनासा झाला होता. सामान लागलं. मी माझा ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर समोरच्या खोलीत भिंतीतल्या कपाटात बसवले, दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवले, समोर तिची खुर्ची ठेवली, आणि बटण दाबलं. रेकॉर्ड अजून माझ्या हातातच होती.

"हा भुंगा कसला?" ती म्हणाली.

"कुठला भुंगा?"

"तो काय, घूं करतोय. स्पीकरमधून."

मी कान लावला. मला काही म्हणता काही ऐकू येईना. मी म्हणालो, नवीन घर आहे, होईल सवय. असली उत्तरं मी झटकन देतो. गिऱ्हाइकाला बाही आखूड वाटली तर मी हेच म्हणायचो.

इथे आमची एक सवय सांगायला हवी. दुपारचा चहा झाला की आम्ही रेकॉर्डची एक बाजू ऐकायचो. ती खुर्चीत मागे टेकून डोळे मिटायची, मी शेजारी बसून काजं करायचो नाहीतर बटणं लावायचो. लग्न झाल्यापासूनची सवय. आमचं भांडण झालेलं असलं तरी ती बाजू ऐकायचा नेम मोडला नाही, आणि बऱ्याचदा बाजू संपेपर्यंत भांडण कशावरून होतं ते विसरायला व्हायचं. त्या खुर्चीत बसून तिने कधी गाण्याविषयी काही मत दिलं नाही. फक्त डोळे मिटायची. मला तेवढं पुरायचं.

या घरात ते बंद पडलं. आम्ही पंखा बंद करून पाहिला, फ्रिज बंद करून पाहिला, खिडक्या लावून पाहिल्या. भुंगा तिथेच. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर भला माणूस, वेळ देऊन तपासलं आणि समजावून सांगितलं की कान दुखावला की तो आतल्या आत आवाज करू लागतो, जो बाहेर नसतोच. तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजायची हे खरं होतं, त्यामुळे सांगणं पटण्यासारखं होतं. शिट्टीच्याच खात्यात भुंगाही जमा झाला. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मीही मान डोलावली.

त्यानंतर ती समोरच्या खोलीत बसेनाशी झाली. तक्रार नाही, कुरकूर नाही. चहा घेऊन आत जायची. मी बटण दाबलं की स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं जायचं. रिकाम्या खुर्चीत इस्त्रीचे कपडे साठू लागले. मग मीही लावायचं सोडलं, आणि उरलेल्या पडद्याच्या कापडाची एक खोळ शिवून ॲम्प्लिफायरवर घातली. खोळ झकास बसली. कोपऱ्यांना दुमड इतकी साफ की बघत राहावं, आणि मला ती बघवत नव्हती.

पण खरी काळजी गाण्याची नव्हतीच. तिचा स्वतःच्या कानांवरचा भरवसाच उडाला. दाराची बेल वाजली की ती माझ्याकडे बघून विचारायची, "वाजली का हो? की मलाच?" आणि मी, ज्याला बेल कधीच ऐकू येत नाही, काय सांगणार? फोन वाजला की ती हात पुढे करून मागे घ्यायची. जिने हजारो माणसांना एकमेकांशी जोडून दिलं ती आपल्या घरचा फोन उचलायला कचरत होती. हे मला बघवायचं नाही, आणि मी तिच्यावरच खेकसायचो, की उचल की, विचारतेस काय.

आमची सूनबाई लिफ्ट दुरुस्त करते. मुलगा जहाजावर असतो, तो वर्षातून काही महिने उगवतो. सूनबाई मात्र जवळच राहते आणि सुट्टीच्या दिवशी हमखास डोकावते. पाठीला हत्यारांची पिशवी, नखांत ग्रीस, आणि बोलणं असं की आमच्या घराण्यात ही कशी काय आली याचं नवल वाटावं. आली की आधी फ्रिज उघडते, मग सासूची विचारपूस करते, मग माझी फिरकी घेते. त्या दिवशी तिची नजर खोळीवर गेली.

"बाबा, याला स्वेटर कशाला घातलात? सर्दी झालीये?"

मी सगळं सांगितलं. भुंगा, डॉक्टर, खुर्ची. ती ऐकत होती तसतशी तिची थट्टा थांबत गेली. तिने खोळ काढली, बटण दाबलं, आवाजाची चकती आम्ही नेहमी ठेवतो तिथवर फिरवली. तिथे मी शिवणाच्या खडूने खूण केलेली आहे. मग एका स्पीकरची पुढची जाळी उतरवून तिने आतल्या काळ्या पडद्यावर बोटाचं टोक अलगद टेकवलं.

"मलाही धड ऐकू येत नाही," ती म्हणाली. "मोटर रूममध्ये काम करून माझे कान तुमच्या वळणावर गेलेत. पण बोट द्या इकडे."

माझी बोटं म्हणजे माझी मिळकत आहे. डोळे मिटून कापड चिमटीत धरलं तर सुती किती आणि रेशमी किती ते मी सांगतो. तिने माझं बोट त्या पडद्यावर ठेवलं. पडदा थरथरत होता. बारीक, सारखा, न थांबता. मशीनचा पट्टा सैल झाला की टेबलाला हात लावून जे कळतं, तसं. रेकॉर्ड फिरत नव्हती, खोलीत शांतता होती, आणि तो थरथरत होता.

"आई खरं सांगतायत," सूनबाई म्हणाली.

मी तसाच बोट ठेवून उभा राहिलो. एवढे महिने तो आवाज तिच्या एकटीचा होता.

आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. ही भाजी चिरत होती. सूनबाईने सांगितलं, "आई, आवाज आहे. स्पीकरमध्ये आहे. तुमच्या कानात नाही." हिने सुरी खाली ठेवली, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसली.

"सुनेने सासूची बाजू घेतलेली कुठे ऐकलीयेस? समजूत काढू नका गं माझी. डॉक्टर सांगतात ते मला कळलंय. मी आता त्याच्याशी जमवून घेतलंय." आणि पुन्हा सुरी उचलली.

तिला पटवायचा एकच मार्ग होता. भुंगा घालवायचा.

सूनबाईने कपाट वरून खालून तपासलं. प्लेअर खालच्या खणात, ॲम्प्लिफायर वरच्या, मधल्या दगडी फळीला एकच भोक होतं, आणि सगळ्या तारा त्या भोकातून कोंबून वर नेल्या होत्या. रेकॉर्ड प्लेअरची बारीक, नाजूक तार आणि ॲम्प्लिफायरला वीज देणारी जाड तार एकमेकींना खेटून.

"ही जाडी आहे ना, ती सारखी पुटपुटत असते," ती म्हणाली. "वीज आली की पुटपुटणारच. आणि ही बारकी तिचं चोरून ऐकते आणि ॲम्प्लिफायरला जाऊन सांगते. तो ते दहा पट मोठं करून घरभर करतो."

"म्हणजे आमच्या जुन्या घरची शेजारीण."

"तेच. आता दोघींना लांब ठेवायला दुसरं भोक नाही. तेव्हा जाडीचं तोंड बांधायचं. तिच्या अंगावर तांब्याची जाळी चढवायची. आमच्या लिफ्टच्या पॅनेलमध्ये अशाच केबल असतात. तयारही मिळते, पण ती एक तर तोकडी नाहीतर भलती लांब."

तयार कपडा या शब्दाला मी आयुष्यभर नाक मुरडत आलोय. "मापाने शिवू," मी म्हणालो. "तू सांग, मी करतो."

सामान तिने आणलं. तीन पदरी वायर, एक फेजची, एक न्यूट्रलची आणि एक हिरवी, अर्थची, म्हणजे भरकटलेली वीज जमिनीत नेऊन सोडणारी. तांब्याच्या तारांची विणलेली पोकळ जाळी. बाहेरून घालायला नायलॉनचा काळा बुरखा. दोन टोकांना दोन चांगले जाडजूड प्लग. आणि तापवलं की आवळून बसणाऱ्या नळ्या. मी टेप काढली, भिंतीतल्या सॉकेटपासून कपाटापर्यंत, भोकातून ॲम्प्लिफायरपर्यंत असं माप घेतलं, आणि शिलाईसाठी सोडतात तसं थोडं जास्त सोडलं. सूनबाई म्हणाली, हे बरोबर, टोकं सोलताना तेवढं जातं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कटिंगच्या टेबलावर काम सुरू केलं. तीन वायरी एकत्र धरल्या की मधे खाचा राहतात आणि जाळी वर-खाली बसते, म्हणून मी त्या खाचांमध्ये गादीच्या कडेचा गोट फुगीर व्हावा म्हणून घालतो ती सुती दोरी भरली. वरून सुती पट्टी गुंडाळली. हे सूनबाईने सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. तिने ते हातात धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, आमचा फोरमन बघेल तर तुम्हाला कामावर ठेवेल." जाळी चढवायची युक्ती मात्र तिची. ती दोन्ही हातांनी मागे लोटली की फुगते, मोज्यासारखी घालता येते, आणि पुढे ओढली की अंगाबरोबर घट्ट बसते. मी ती चढवली, चिमटीने सारखी केली, कुठे सुरकुती नाही. अस्तर लावावं तसं ते काम होतं, फक्त अस्तर बाहेरून.

मग आली टोकांची पाळी, आणि तिथे आमचं वाजलं.

"भिंतीकडच्या टोकाला जाळीच्या तारा मोकळ्या करा, पीळ देऊन एक शेपटी करा, आणि ती हिरव्या वायरबरोबर अर्थच्या पिनेत आवळा," ती म्हणाली. "दुसऱ्या टोकाला जाळी कापून टाका आणि नळीखाली झाका. कशालाच जोडायची नाही."

"कशालाच नाही म्हणजे? टोक मोकळं सोडायचं?"

"हो."

"अगं, मोकळं टोक उसवतं."

"बाबा, हा सदरा नाही."

"मी चाळीस वर्षांत एक टोक गाठीशिवाय सोडलेलं नाही."

"म्हणूनच समोर उभी राहून सांगतेय. दोन्हीकडे जोडलंत तर तिथे वीज गोल गोल फिरत बसेल. जाळीने जे पकडलं ते एकाच दाराने बाहेर गेलं पाहिजे."

मी सोडलं मोकळं. पण मनातून मला ते खुपत राहिलं, खोटं का बोला. नळी चढवली, सूनबाईने गरम हवेने ती आवळून बसवली, आतली एकही तार कुठे डोकावत नाही ना हे भिंग लावून पाहिलं. मग तिने मीटर काढला आणि एकेक पिन तपासली. जिथे वाजायला हवा तिथे वाजला, जिथे गप्प राहायला हवा तिथे गप्प. काळी, गुबगुबीत, सरळ अशी ती केबल टेबलावर पडली होती, आणि मी शिवलेल्या लग्नाच्या कोटांचाही मला एवढा अभिमान वाटला नसेल.

सूनबाईला बोलावणं आलं, कुठेतरी लिफ्ट अडकली होती, ती पळाली. मला धीर नव्हता. मी केबल जोडली, खुर्चीतले कपडे उचलून पलंगावर टाकले आणि हिला हाताला धरून आणलं. "बस," म्हणालो. "आणि ऐक."

ती बसली. मी बटण दाबलं, चकती खडूच्या खुणेपर्यंत नेली. ती मान तिरकी करून ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, परीक्षेचा निकाल बघावा तसा. तिने माझ्याकडे पाहिलं. तांब्याच्या तारा टोचून माझ्या बोटांना झालेल्या जखमांवर अजून पट्ट्या होत्या.

"गेला की हो," ती म्हणाली. "काय छान काम केलंत."

माझा जीव भांड्यात पडला. मी बासरीची रेकॉर्ड काढली, ठेवली, आणि सुई टेकवायला वाकलो. तोल सावरायला डावा हात स्पीकरवर गेला. स्पीकरची पुढची जाळी उतरवलेलीच होती. बोट पडद्याला लागलं.

पडदा थरथरत होता. तसाच, बारीक, न थांबता.

मी सुई टेकवली आणि माझ्या जागी जाऊन बसलो. बाजू संपेपर्यंत ती खुर्चीत बसून होती. हसतमुख. पण डोळे मिटले नव्हते. खुर्चीच्या हातावर तिची बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली होती. बाजू संपल्यावर ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवून "उद्याही लावा" म्हणाली, पलंगावरचे कपडे पुन्हा खुर्चीत आणून टाकले आणि आत जाऊन पडून राहिली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सरळच सांगतो. मला रडू आलं. फसलो म्हणून नव्हे. ज्या आवाजावर कुणी विश्वास ठेवला नाही, तो खरोखर तिथे असताना, माझ्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बघून तिने तो नाही म्हणून सांगितला होता. आणि उद्याही बसायची तयारी होती तिची. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यासाठी तिने पुष्कळ केलं असेल, पण त्या एका बाजूइतकं जड दुसरं काही नसेल. आणि हे मला कळलं ते बोटामुळे. ते बोट तिथे ठेवायला शिकवणाऱ्या सूनबाईलाही मी मनातल्या मनात हात जोडले.

मी तिला फोन केला, हळू आवाजात. "केबल फुकट गेली. ते मोकळं टोक जोडू का?"

"हात लावू नका," ती म्हणाली. "मी येतेय."

तिने आल्या आल्या केबल काढून पुन्हा मीटर लावला. केबल बिनचूक होती. मग ती भिंतीतल्या सॉकेटसमोर उकिडवी बसली, टेस्टर घातला, मीटरच्या तारा घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मेन बंद करून तिने सॉकेटचं झाकण उघडलं आणि आत बॅटरी मारली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्या घरात अर्थच नाही."

"काय?"

"अर्थ नाही. मुळातच नाही. नुसता देखावा आहे."

स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "काय म्हणतेय ती?" हिच्या उजव्या कानाला दारापलीकडचं सगळं ऐकू जातं.

"म्हणतेय, आपल्या घरात अर्थ नाही," मी ओरडलो.

"आज कळलं होय तुम्हाला?" आतून उत्तर आलं, आणि मागोमाग भांड्यांचा आवाज.

सूनबाई तोंडावर हात दाबून हसत सुटली. मी वाकून बघितलं. सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे काहीच नव्हतं. हिरवी वायर भिंतीतून आलेली होती. घर बांधताना कुणीतरी तिची गुंडाळी करून कोपऱ्यात खोचून ठेवली होती आणि झाकण लावून टाकलं होतं. लावलीच नव्हती. दिवे लागतात, फ्रिज चालतो, कोण कशाला बघतंय.

"जाळी बिचारी पकडतेय सगळं," सूनबाई म्हणाली. "पण टाकणार कुठे? तिचं एकच दार आपण ठेवलं, आणि त्या दाराबाहेर भिंत."

माझ्या कपड्याचा दोष नव्हता, हे ऐकून मला जेवढं बरं वाटलं तेवढं वाटायला नको होतं.

ही संध्याकाळी शेजारणीबरोबर बागेत फिरायला जाते. ती बाहेर पडल्यावर सूनबाईने मेनच्या डब्यात हिरवी वायर जोडलेली आहे याची खात्री केली, मग मेन बंद करून सॉकेटमधली ती गुंडाळी सोडवली, टोक सोलून तिसऱ्या भोकाला आवळलं, झाकण लावलं. मीटर लावून मला दाखवलं. आकडे मला कळले नाहीत, तिचा चेहरा कळला. मग केबल जोडली, बटण दाबलं, आणि मी बोट पुढे केलं.

पडदा स्थिर होता.

"म्हणजे भिंतीतली तारच हवी होती," मी म्हणालो. "केबल उगाच केली."

तिने माझी केबल काढली आणि जुनी तार लावून पाहिली. बोटाखाली पुन्हा बारीकशी थरथर आली, आधीपेक्षा कमी, पण आली. पुन्हा माझी केबल. थरथर नाही. "दोन्ही हवे होते," ती म्हणाली. "पटलं? आता चला, मला एक लिफ्ट बघायची आहे वाटेवरच. तेवढं उरकून येते. आईंना काही सांगू नका. विचारूही नका."

"का?"

"विचारलंत तर त्या काय सांगतील ते तुम्हाला माहीत आहे."

ती गेली आणि मी एकटा राहिलो, आणि तेव्हा मला भीती वाटली. बोटाला काही लागत नव्हतं, ठीक. पण बोट म्हणजे कान नव्हे. एवढं करूनही तिला भुंगा ऐकू आला तर? मग तो खरंच तिच्या कानात असणार, डॉक्टर बरोबर ठरणार, आणि पुढे करण्यासारखं काही उरणार नाही. मी बटण बंद केलं आणि एक सदरा मांडीवर घेऊन बसलो.

ती परत आली. चपला काढल्या, आत गेली, नळ सोडला. मी उठलो, बटण दाबलं, चकती खुणेपर्यंत नेली, आणि पुन्हा येऊन बसलो. रेकॉर्ड लावली नाही. सुईत दोरा ओवायला घेतला, तो दोनदा बाजूने गेला. नळ बंद झाला. आता दार लोटलं जाईल म्हणून मी वाट पाहत होतो. कपबशांचा आवाज आला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला असावा. दार उघडंच होतं.

"अहो," ती आतून म्हणाली. "बंद केलंत का?"

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय?"

"तो डबा हो तुमचा. मघाशी बटणाचा टक आवाज आला, आणि मग पुढे काहीच नाही. लावून बंद केलंत का?"

"नाही," मी म्हणालो. "चालू आहे."

ती दारात आली. हात ओले होते. तिने ॲम्प्लिफायरवरच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन, वाकून, उजवा कान स्पीकरच्या अगदी जवळ नेला आणि तशीच राहिली. मी सदरा घट्ट धरून बसलो होतो.

"म्हणजे होता," ती म्हणाली.

"होता."

"माझ्या कानात नव्हता."

"भिंतीत होता. आम्ही तो काढला."

ती सरळ झाली. पदराने हात पुसू लागली, पुसून झाले तरी पुसत राहिली. "दुपारी मी तुम्हाला गेला म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"कसं?"

मी बोट वर करून दाखवलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने ते बोट धरलं आणि थोडा वेळ सोडलं नाही. तुझे उपकार आहेत, असं मी तिला म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं, आणि ते ऐकून ती म्हणाली, "पुरे. लावा की काहीतरी." मग तिने खुर्चीतले कपडे उचलून माझ्या मांडीवर ठेवले, बसली, आणि मागे टेकली.

मी बासरीची रेकॉर्ड लावली. सुई टेकण्याआधी क्षणभर खोलीत काहीही नव्हतं. मग बासरी आली. तिने डोळे मिटले. मी सदऱ्याचं बटण लावायला घेतलं.

बाजू निम्मी झाली असेल. डोळे न उघडता ती म्हणाली, "बेल वाजली. सूनबाई असेल, दार उघडा."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी उठून दार उघडलं. सूनबाई उभी होती, पाठीला पिशवी, भुवया वर केलेल्या. मी बाजूला झालो आणि तिला आत घेतलं.